मूलपेशीतला मूळपुरुष

सुश्रुतसंहितेत माणसाच्या शरीरातल्या पेशी मोजल्या आहेत आणि त्या भरतात अवघ्या पाचशे. आज आपण ज्यांना पेशी म्हणतो त्या या नव्हेत. संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा लांबट गोळा, स्नायू. हिंदीतली 'मांसपेशी' अजून तोच अर्थ धरून आहे. मराठीनं मात्र हा शब्द सूक्ष्मदर्शकाखालच्या 'सेल'ला देऊन टाकला. (विदर्भात कोर्टात 'पेशी' असते, ती वेगळी. ती फारसी 'पेश'वरून आली, तिचं नातं पेशव्यांशी.)

'मूलपेशी' हा 'स्टेम सेल'चा प्रतिशब्द. 'स्टेम' म्हणजे देठ किंवा खोड, मग मराठीत 'मूल' कसं, असा प्रश्न पडतो. पण इंग्रजी शब्दाच्या मागे एक जर्मन शब्द आहे: 'श्टामत्सेल'. जर्मन 'श्टाम' म्हणजे खोड आणि वंशसुद्धा. 'श्टामबाउम' म्हणजे वंशवृक्ष. अर्न्स्ट हेकेल या जीवशास्त्रज्ञाला सजीवांचे वंशवृक्ष काढायचा नाद होता. 1868 साली त्यानं सगळ्या सजीवांच्या एकपेशीय पूर्वजाला 'श्टामत्सेल' हे नाव दिलं, पुढे फलित अंड्याला. रक्तातल्या सगळ्या पेशींना एकच पूर्वज आहे हे मांडताना अलेक्झांडर मॅक्सिमॉव्ह या रशियन संशोधकानं 1909 मध्ये हाच शब्द वापरला.

म्हणजे हे 'मूल' झाडाच्या मुळाचं नव्हे, कुलवृत्तांतातल्या मूळपुरुषाचं. मला हा अर्थ फार मोलाचा वाटतो. मूळपुरुषापासून त्याचंच घराणं वाढतं, शेजारचं नाही. प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेतली रक्ताची मूलपेशी तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, बिंबिका यांचा अख्खा गोतावळा उभा करते. मेंदू किंवा गुडघ्याची कूर्चा तयार करणं हे तिचं काम नाही. मूलपेशींनी वाटेल तो आजार बरा करण्याच्या जाहिराती वाचताना हे आठवावं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही मूलपेशींचे मान्य उपचार रक्तविकारांतल्या प्रत्यारोपणापुरतेच ठेवले आहेत.

पण हा मूळपुरुष गर्दीत ओळखायचा कसा? दिसायला तो लिम्फोसाइट या साध्या पांढऱ्या पेशीसारखा. ओळख पटते ती पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांवरून, आणि त्यांची नावं 'सीडी'नं सुरू होतात. सीडी म्हणजे 'क्लस्टर ऑफ डिफरन्सिएशन'. यातला 'क्लस्टर', म्हणजे पुंजका, पेशींचा असावा असं वाटतं. तो आहे या प्रथिनांना चिकटणाऱ्या अँटीबॉडींचा. कोहलर आणि मिलस्टाइन यांनी 1975 मध्ये एकाच साच्याच्या अँटीबॉडी बनवायची रीत दाखवली. मग जो तो आपापल्या अँटीबॉडीला आपलं नाव देऊ लागला आणि घोळ झाला. 1982 साली पॅरिसला संशोधक जमले. एकाच रेणूला चिकटणाऱ्या अँटीबॉडी एका पुंजक्यात घातल्या आणि पुंजक्याला क्रमांक दिला. जॉन्स हॉपकिन्समध्ये कर्ट सिव्हिन यांनी 1984 मध्ये जाहीर केलेली 'माय-10' ही अँटीबॉडी ज्या रेणूला चिकटते, तो पुढे 'सीडी34' झाला. मूलपणाबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही, तो नुसता अनुक्रमांक.

तरी प्रत्यारोपणाच्या वॉर्डात सगळं याच आकड्यावर चालतं. दात्याला इंजेक्शनं देऊन मज्जेतल्या पेशी रक्तात उतरवतात, यंत्रातून रक्त फिरवून त्या पिशवीत गोळा करतात. निवडक पेशीच हव्या असतील तर सीडी34 ची अँटीबॉडी लोहकण चिकटवून त्या पिशवीत सोडतात. कण साधारण 50 नॅनोमीटरचा. सगळा द्राव चुंबकाच्या पकडीतल्या नळीतून जातो: बाकीच्या पेशी वाहून जातात, खूण असलेल्या अडकतात. चुंबक काढला की त्या धुवून घ्यायच्या. दात्याच्या ज्या टी-पेशी रुग्णाच्या शरीरावरच उलटतात, त्या बहुतेक आधीच निघून गेलेल्या असतात. रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे निदान 20 लाख सीडी34 पेशी मिळाव्यात, असा डॉक्टरांचा हिशेब असतो.

त्या मोजलेल्या लाखोंत खऱ्या मूलपेशी अगदी थोड्या. सीडी34 ची खूण मूळपुरुषाच्या पुढच्या काही पिढ्याही बाळगतात आणि प्रौढ होताना टाकून देतात. रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरही ती सापडते. उंदरात तर उलटच: 1996 मध्ये जपानी संशोधकांनी सीडी34 ची खूण जवळपास नसलेली एकच पेशी देऊन उंदराचं रक्त दीर्घकाळासाठी पुन्हा उभं केलं. म्हणून 'सीडी34 पेशी' आणि 'मूलपेशी' हे शब्द एकमेकांच्या जागी लिहू नयेत.