होह नदीकाठचे 'अस्पर्श' अरण्य

निसर्गलेखन शिकवताना 'अस्पर्श अरण्य' हा शब्दप्रयोग आपण सहसा तपासून पाहत नाही. तो तपासावा असे आम्हांला वाटले ते होह नदीचा इतिहास वाचताना. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानात या नदीच्या काठी तंबू ठोकून राहण्याचा तळ आहे. भोवती समशीतोष्ण वर्षावन, वर्षाकाठी सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस, शेवाळाने मढलेले मेपल आणि प्रचंड स्प्रूस. पडलेल्या ओंडक्यावर नवी रोपे रुजतात. पुढे ओंडका कुजून नाहीसा झाला तरी झाडे एका रांगेत उभी राहतात. येथे रात्र काढणाऱ्याला हे रान माणसापूर्वीचे वाटावे, हे स्वाभाविकच.

वास्तविक हे रान टिकले ते राजकीय झगड्यातून. १९०९ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी प्रामुख्याने येथील एल्क हरणांसाठी हा डोंगराळ प्रदेश राष्ट्रीय स्मारक म्हणून राखला. १९१५ मध्ये वुड्रो विल्सन यांनी त्याचे क्षेत्र जवळजवळ निम्म्याने घटवले. १९३८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९४० मध्ये त्याच्या सीमा वाढवण्यात आल्या. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी स्प्रूसचे लाकूड हवे, म्हणून उद्यान तोडीसाठी खुले करण्याची मागणी झाली. म्हणजे 'न तोडलेले' हे विशेषण निसर्गाइतकेच कायद्याचेही देणे आहे.

परंतु या झगड्याच्या कथेतूनही एक पात्र गळते. ज्यांच्या नावाने नदी ओळखली जाते, ते होह लोक उद्यानाच्या कितीतरी आधीपासून या खोऱ्यात शिकार आणि मासेमारी करीत होते. १८५५-५६ च्या तहाने त्यांच्या भूमीवरचा हक्क सरकारकडे गेला. १८९३ मध्ये नदीच्या मुखाशी जेमतेम एक चौरस मैलाची राखीव जागा त्यांच्या वाट्यास आली. तीही पुराच्या आणि त्सुनामीच्या टप्प्यात. अखेर २०१० च्या कायद्याने उंचावरील जमीन त्यांना मिळाली. तीत उद्यानाचीच सुमारे ३७ एकर जमीन होती.

अरण्य राखले गेले याचे मोल कमी नाही. मात्र ते 'अस्पर्श' म्हणताना तेथील मूळ रहिवासी वर्णनातून पुसले जातात. नाहीशा झालेल्या ओंडक्याची साक्ष झाडांची रांग देते, तशी त्यांची साक्ष नदीचे नाव देते. वर्गात असे वर्णन समोर आले की त्या जागेचे जुने नाव कोणाचे, एवढा प्रश्न तरी आपण विद्यार्थ्यांपुढे ठेवायला हवा.