फायबर होडीच्या बुडाचा जुना रंग कसा काढायचा, नवा कोणता लावायचा? धरणकाठच्या होडीवाल्यांसाठी माहिती

जांबे (ता. मुळशी) : मुळशी, पवना, कासारसाई या धरणांच्या काठावर मासेमारीला आणि पर्यटकांना फिरवायला फायबरच्या होड्या वापरल्या जातात. काम झालं की होडी ट्रॉलीवर चढवून घरी आणायची, ही पद्धत. कोकणात समुद्रावर चाललेली जुनी होडी स्वस्तात मिळाली म्हणून ताम्हिणी घाटातून वर आणली, तर तिच्या बुडाला बहुतेक वेळा लाल किंवा निळ्या रंगाचे थरावर थर असतात. त्यावर नवा रंग मारला तर तो वर्षभरात पापुद्र्यांनी सुटतो. म्हणून आधी जुना काढावा लागतो.

हा रंग साधा नाही

समुद्रातल्या होडीला शेवाळ आणि शिंपल्यासारखे कठीण कवचाचे जीव चिकटतात, होडी जड होते, डिझेल जास्त लागतं. ते चिकटू नयेत म्हणून बुडाच्या रंगात तांब्याचं संयुग घालतात. ते हळूहळू पाण्यात सुटत राहतं. पूर्वी याच कामासाठी टीबीटी नावाचं कथिलाचं विष वापरायचे. फ्रान्समध्ये आर्काशाँच्या खाडीतले कालवं त्याने खराब झाले, तेव्हा १९८२ मध्ये तिथे लहान होड्यांवर त्याला बंदी आली. जगभरची बंदी २००१ च्या करारानंतर २००८ मध्ये लागू झाली. खूप जुन्या होडीवर खालच्या थरात असा रंग असू शकतो.

तांब्याची धूळ माशांना विषारी आणि आपल्या छातीलाही वाईट. पवना धरणाचं पाणी पिंपरी-चिंचवडकर पितात. त्यामुळे धरणाच्या काठावर, ओढ्याजवळ किंवा विहिरीशेजारी रंग खरवडू नका.

होडी आधी नीट टेकवा

ट्रॉली सपाट, कडक जमिनीवर लावा, चाकांना पुढून-मागून दगड लावा. इंजिन, बॅटरी, डिझेल उतरवून होडी हलकी करा. होडीचा भार मधल्या कण्यावर लाकडी ओंडक्यांनी घ्या, बाजूचे टेकू फक्त तोल धरण्यासाठी. नुसत्या जॅकवर उचललेल्या होडीखाली कुणीही शिरायचं नाही. ट्रॉलीच्या गादीखालचा भाग आधी राहू द्या. बाकीचं काम झालं की टेकू बदलून तेवढा भाग नंतर करा.

जुना रंग काढताना

१. खाली जाड ताडपत्री अंथरा, कडा वर दुमडून घ्या.
२. बूड साबणाने धुवा, मग थिनरच्या फडक्याने तेल-मेण पुसा. आधीच घासलं तर मेण आत मुरतं.
३. सुटलेला रंग स्क्रॅपरने काढा. स्क्रॅपरचे कोपरे कानशीने गोल करून घ्या, नाहीतर ओरखडे पडतात.
४. उरलेला रंग ८० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी मारत घासा, शेवटी १२० नंबर फिरवा. कोरडं ग्राइंडर लावू नका, धूळ गावभर होते आणि फायबरला खड्डे पडतात.
५. खालचा गुळगुळीत थर म्हणजे जेलकोट दिसला की थांबा. तोच होडीला पाण्यापासून वाचवतो.

फडकं बांधून भागत नाही. फिल्टरचा मास्क, चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट लागतोच. पोरं आणि जनावरं लांब ठेवा. ब्लो लॅम्पने रंग जाळू नका, उष्णतेने रेझिन खराब होतं. लोखंडावर वापरतात तो साधा रिमूव्हर जेलकोट विरघळवतो. रिमूव्हर घ्यायचाच तर डब्यावर 'फायबरला चालतो' असं लिहिलेलाच घ्या.

फोड आले असतील तर

बुडाला लहान फोड दिसले तर एक टोचून बघा. आंबूस, व्हिनेगरसारखा वास असलेलं पाणी आलं तर फायबरच्या आत पाणी मुरलंय. फोड उघडून गोड्या पाण्याने धुवा आणि होडी काही आठवडे सावलीत वाळू द्या. वाळली का बघायला पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवा. आतून थेंब आले तर अजून ओल आहे. खड्डे इपॉक्सी फिलरने भरा. गाडीची साधी पुट्टी पाण्याखाली ओल धरते.

नवा रंग कोणता?

रोज ट्रॉलीवर येणाऱ्या होडीला गोड्या पाण्यात तांब्याच्या रंगाची गरज नाही. धरणात समुद्रातले ते कवचाचे जीव नसतात आणि शेवाळ ब्रशने निघतं. इपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि वरून दोन भागांचा पीयू रंग पुरे. इपॉक्सी उन्हात खराब होतं म्हणून वरचा हात हवाच.

मात्र होडी महिनोन् महिने पाण्यातच राहणार असेल तर पीयूला फोड येऊ शकतात. तेव्हा सतत पाण्याखाली चालणारा रंग दुकानदाराकडून खात्री करून घ्या.

रंगाआधी बुडावर स्वच्छ पाणी मारा. सपाट पसरलं तर बूड साफ, थेंब थेंब झाले तर मेण अजून आहे. बूड पूर्ण वाळवून मगच रंग घ्या. किती रंग लागेल त्याचा ढोबळ हिशेब: लांबी गुणिले रुंदी गुणिले ०.८५. म्हणजे १६ बाय ६ फुटी होडीला सुमारे ८० चौरस फूट. दोन भागांचा रंग डब्यावरच्या मापानेच मिसळा, लागेल तेवढाच. पीयू रोलरने लावा, स्प्रे नको. त्यातली वाफ फुप्फुसाला घातक असते.

हंगाम

मुळशीत पाऊस जास्त, त्यामुळे दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ बरा. दव वाळल्यावर सकाळी १० नंतर सुरू करा, ४ पर्यंत आटपा. मेच्या उन्हात तापलेल्या बुडावर रंग नीट बसत नाही.

शेवटी

खरवड, पेपर, फडकी, रिकामे डबे बंद पोत्यात भरा. उकिरड्यावर टाकू नका, जाळू नका. २०१६ च्या घनकचरा नियमांत रंगाचे डबे घरगुती घातक कचऱ्यात मोडत होते; आजही त्यात काय आहे ते सांगून वेगळे द्या. इंजिनाच्या होडीला अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ प्रमाणे नोंदणी व तपासणी लागते. नोंदणी क्रमांक रंगाखाली बुजू देऊ नका.