सेंट झेवियर्स हायस्कूल, मॅट्रिकची परीक्षा आणि खर्डीचा लोहमार्ग

१/ १ जानेवारी १८६१. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग आसनगावच्या पुढे खर्डीवरून कसाऱ्यापर्यंत खुला झाला. शहापूर तालुक्यातील हे डोंगराळ खेडे मुंबईच्या बोरीबंदराला थेट जोडले गेले. पुढे आठच वर्षांनी, १८६९ मध्ये, मुंबईत सेंट झेवियर्स ही संस्था उभी राहिली. धोबी तलावाजवळची तिची आजची शाळा बोरीबंदर स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. रूळ एकच होता. मग या मार्गावरच्या खेड्यातले मूल त्या शाळेपर्यंत का पोहोचू शकले नाही? या थ्रेडमध्ये त्या शाळेचा आणि त्या प्रश्नाचा इतिहास पाहू.

२/ प्रथम परीक्षेविषयी. १८५४ च्या वुडच्या खलित्याने दोन गोष्टी ठरवल्या: हिंदुस्थानात विद्यापीठे स्थापन करावीत आणि खासगी शाळांना, त्यांत मिशनऱ्यांच्या शाळाही आल्या, तपासणीच्या अटीवर सरकारी अनुदान द्यावे. त्यानुसार १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. १८५९ मध्ये त्याची पहिली प्रवेश परीक्षा, म्हणजे मॅट्रिक, झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. मॅट्रिक झाल्याशिवाय महाविद्यालयात प्रवेश नाही, हा नियम रूढ झाला आणि ‘हायस्कूल’ या संस्थेला तिचे प्रयोजन मिळाले: मुलाला मॅट्रिकसाठी तयार करणे.

३/ आता शाळा चालवणाऱ्यांविषयी. येशूसंघ, म्हणजेच जेझुइट, हा कॅथलिक धर्मगुरूंचा संघ सोळाव्या शतकापासून शिक्षणासाठी ओळखला जात असे. पोर्तुगीज अमलात वसईलाही त्यांचे विद्यालय होते. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि उत्तर कोकणातील ते पर्व संपले. पुढे १७७३ मध्ये पोपने हा संघच विसर्जित केला; १८१४ मध्ये तो पुन्हा स्थापन झाला. १८५० च्या दशकात मुंबईच्या कॅथलिक मिशनचा कारभार जर्मन जेझुइटांकडे आला. ते आले तेव्हा शहरात विद्यापीठ आकार घेत होते.

४/ मुंबईतील कॅथलिक समाज तेव्हा एकजिनसी नव्हता. साष्टी, वसई आणि मुंबई बेटावरचे मूळ रहिवासी मराठी बोलणारे होते. शेती, मासेमारी, ताडी काढणे हे त्यांतील अनेकांचे व्यवसाय. दुसरीकडे रोजगारासाठी गोव्याहून आलेले कोंकणीभाषक होते. कचेऱ्या, रेल्वे आणि गोदीतल्या नोकऱ्यांसाठी इंग्रजी आवश्यक होती आणि त्या नोकऱ्यांसाठी या दोन गटांत स्पर्धाही होती. स्थानिक कॅथलिकांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. गोव्याच्या कॅथलिकांपासून आपली ओळख वेगळी राहावी, हा त्यामागचा एक हेतू होता. समाजाचे नावसुद्धा नोकरीच्या स्पर्धेत घडत होते. चांगल्या हायस्कूलची निकड किती होती, याची कल्पना यावरून येते.

५/ १८६९ मध्ये सेंट झेवियर्सच्या रूपाने शाळा आणि महाविद्यालय अशी जोड मुंबईत सुरू झाली. शाळेने मुलाला मॅट्रिकपर्यंत आणावे आणि महाविद्यालयाने त्याला पदवीपर्यंत न्यावे, अशी ही रचना. मागे जेझुइटांची जुनी शिस्त होती. त्यांची १५९९ ची शिक्षणसंहिता ‘रॅशिओ स्टुडिओरम’ या नावाने प्रसिद्ध आहे. इयत्तावार वर्ग, नियमित उजळणी, वक्तृत्व, वादविवाद आणि नाट्यप्रयोग ही तिची अंगे. तिचा मूळ गाभा लॅटिन भाषेचा होता. मुंबईत मात्र तिची सांगड विद्यापीठाच्या इंग्रजी अभ्यासक्रमाशी घालावी लागली.

६/ शाळा कॅथलिकांची असली तरी ती केवळ कॅथलिकांची राहिली नाही. पारशी, हिंदू आणि मुसलमान कुटुंबांनीही आपली मुले तेथे घातली. याचे कारण व्यावहारिक होते. अनुदान आणि शुल्क यांवर चालणाऱ्या शाळेला विद्यार्थी हवे होते आणि शहरातील मध्यमवर्गाला मॅट्रिकचा निकाल हवा होता. एका धर्मसमाजाच्या उन्नतीची निकड भागवणारी संस्था अशा रीतीने साऱ्या शहराची झाली. पुढच्या काळात सुनील गावसकर याच हायस्कूलमधून घडले, हे अनेकांना ठाऊक असेल.

७/ येथे युरोपच्या इतिहासाकडे वळावे लागते. १८७२ मध्ये बिस्मार्कच्या जर्मनीने जेझुइटांविरुद्ध कायदा केला आणि त्यांना देशाबाहेर घालवले. त्यांची निष्ठा राष्ट्रापेक्षा रोमच्या पोपवर आहे, असा आरोप होता. स्वदेशात शिकवण्याची वाट बंद झालेल्या या संघाला परदेशातील मिशनांचा आधार उरला. मुंबई-पुण्याचे मिशन त्यांपैकी एक. जर्मनीने जे शिक्षक नाकारले, त्यांच्या हाताखाली मुंबईची मुले मॅट्रिकची तयारी करीत होती.

८/ पण या परीक्षेपर्यंत पोहोचत कोण होते? १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करण्यासाठी हंटर आयोग आला. जोतीराव फुले यांनी त्याच्यापुढे निवेदन सादर केले. सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या श्रमांतून येतो, पण शिक्षणावरचा खर्च प्रामुख्याने वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. निदान बाराव्या वर्षापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. फुले स्वतः पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. मिशनची शाळा काय देऊ शकते हे ते जाणत होते, आणि ती किती थोड्यांना मिळते हेही.

९/ फुल्यांचा मुद्दा खर्डीच्या नकाशावर ठेवून पाहावा. मॅट्रिकला बसायचे तर आधी गावात प्राथमिक शाळा हवी, मग इंग्रजी शाळा हवी, मग शहरात राहण्या-जेवण्याची सोय आणि शुल्क हवे. ठाकूर, कातकरी, वारली आणि महादेव कोळी वस्त्यांच्या या मुलखात पहिल्याच पायरीची वानवा होती. रेल्वेने अंतर कमी केले. या पायऱ्या मात्र तिने बांधल्या नाहीत. उलट प्रवाह जोरात सुरू झाला. १८९२ मध्ये शहापूर तालुक्यातील तानसा धरण पूर्ण झाले आणि तेथील पाणी नळांतून मुंबईला जाऊ लागले. शहापूरचे पाणी शहराच्या शाळांपर्यंत पोहोचले. शहापूरच्या मुलांना त्यासाठी अनेक दशके थांबावे लागले.

१०/ १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि सेंट झेवियर्सचे जर्मन पाद्री एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांच्यावर निर्बंध आले. शत्रुराष्ट्रांच्या नागरिकांसाठी अहमदनगरला मोठी छावणी उघडली होती. अनेक मिशनऱ्यांना स्थानबद्ध करण्यात आले आणि पुढे जहाजाने मायदेशी पाठवण्यात आले. ज्या जर्मनीने १८७२ मध्ये ‘पुरेसे जर्मन नाहीत’ म्हणून या संघाला घालवले, त्याच जर्मनीचे म्हणून इंग्रज सरकारने त्यांना हिंदुस्थानातून काढले. शिक्षकांचा मोठा वर्ग गेला, तरी संस्था बंद पडली नाही. आल्बन गुडियर या इंग्रज जेझुइटांनी त्या कठीण काळात महाविद्यालयाची धुरा सांभाळली. १९१९ मध्ये ते मुंबईचे आर्चबिशप झाले.

११/ युद्धानंतर मुंबईचे मिशन स्पॅनिश जेझुइटांकडे आले. त्यांपैकी फादर हेन्री हेरास १९२२ मध्ये मुंबईत आले आणि १९२६ मध्ये त्यांनी सेंट झेवियर्स महाविद्यालयात इतिहास संशोधन संस्था स्थापन केली. आज ती हेरास इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. दरम्यान परीक्षेचेही रूप पालटत गेले. स्वातंत्र्यानंतर लगेचच मॅट्रिकची जागा शालान्त प्रमाणपत्र परीक्षेने, म्हणजे एसएससीने, घेतली. १९७० च्या दशकात दहा अधिक दोन हा आकृतिबंध आला आणि महाविद्यालयाच्या तयारीची शेवटची दोन वर्षे कनिष्ठ महाविद्यालयांकडे गेली. ‘मॅट्रिक’ हा शब्द मात्र आजोबा-आजींच्या बोलण्यात टिकून राहिला. गावात कोणी मॅट्रिक झाले की त्याची ओळखच त्या शब्दाने होत असे.

१२/ ठाणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागात पहिली पायरी बांधण्याचे काम विसाव्या शतकात हळूहळू झाले. मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनी स्थापन केलेले आदिवासी सेवा मंडळ, पुढे आश्रमशाळा, जिल्हा परिषदेच्या शाळा आणि गावोगावची विद्यालये या मार्गाने परीक्षा खेड्याजवळ आली. आज कसारा लोकल खर्डीला थांबते आणि तिच्यात सकाळी महाविद्यालयात निघालेली मुले-मुली असतात. १८६१ च्या रुळांवरून अशी गर्दी जायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

१३/ जुन्या शाळांचा इतिहास बहुधा नामवंत माजी विद्यार्थ्यांच्या यादीने सांगितला जातो. सेंट झेवियर्सची यादी निःसंशय मोठी आहे, आणि परक्या देशातून येऊन आयुष्य वेचणाऱ्या शिक्षकांचे श्रमही मोठे आहेत. पण त्या यादीसोबत आणखी एक प्रश्न विचारावा: ज्या वर्षी ही मुले परीक्षेला बसली, त्या वर्षी त्याच लोहमार्गावरच्या खेड्यांतील किती मुलांना अक्षरओळख होती? आपल्या गावातली पहिली शाळा कधी निघाली, पहिले मॅट्रिक कोण झाले आणि पहिली मॅट्रिक झालेली मुलगी कोण, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. शाळेच्या जुन्या नोंदवह्यांतील ती नावे हाही महाराष्ट्राच्या शिक्षणाचाच इतिहास आहे.