एक सायकल, दोन वाटा : पेडल कोणते निवडावे?

सायकल खरेदी करताना ग्राहक चौकट, गिअर आणि ब्रेक यांची बारकाईने चौकशी करतो; पेडलाकडे मात्र सहसा दुर्लक्षच होते. वस्तुतः स्वाराच्या पायांचे सारे बळ सायकलीला मिळते ते पेडलातूनच. आठवडाभर कचेरीला जाण्यासाठी वापरायची सायकलच रविवारी टेकड्यांवरच्या कच्च्या वाटांवर न्यायची असेल, तर पेडलाची निवड हा केवळ सोयीचा नव्हे, सुरक्षिततेचाही प्रश्न ठरतो.

या दोन वापरांच्या गरजा परस्परविरोधी आहेत. शहरात सिग्नल, खड्डे आणि अचानक आडवी येणारी रिक्षा यांमुळे पाय क्षणात जमिनीवर टेकता आला पाहिजे. शिवाय पायात कधी चामडी बूट, कधी सँडल, तर कधी पावसाळी चप्पल असते. कच्च्या वाटेवर याउलट दगडधोंड्यांच्या हादऱ्याने पाय पेडलावरून उडतो आणि मोकळे फिरणारे पेडल नडगीवर आदळते. तेथे पाय घट्ट बसण्याची गरज असते.

सपाट पेडल

पारंपरिक सायकलींना रबरी ठोकळ्यांची पेडले असतात. कोरड्या रस्त्यावर ती उत्तम. मात्र ओल्या रबरावरून चामड्याचा तळ घसरतो. डोंगरी सायकलींसाठी बनविलेली सपाट पेडले रुंद असून त्यांच्या पृष्ठभागावर धातूच्या बारीक पिना असतात. या पिना बुटाच्या रबरी तळात रुततात आणि चिखलातही पकड टिकून राहते. नायलॉनची पेडले स्वस्त असतात, तर ॲल्युमिनियमची अधिक टिकाऊ. अनेक पेडलांच्या पिना स्क्रूप्रमाणे काढता-घालता येतात. फार टोकदार पिना मात्र कचेरीच्या बुटांचे तळ कुरतडतात आणि पाय निसटल्यास नडगीला जखम करतात.

टो-क्लिप

चवडा पिंजऱ्यात घालून पट्ट्याने आवळण्याची ही जुनी पद्धत. पट्टा घट्ट असेल तर पाय चटकन मागे ओढून घेता येत नाही. पाय बाहेर असताना पिंजरा उलटा लोंबतो आणि कच्च्या वाटेवर दगडाला अडकतो. त्यामुळे या दुहेरी वापरासाठी तो गैरसोयीचाच.

क्लीटचे पेडल

बुटाच्या तळाला बसविलेला क्लीट नावाचा तुकडा पेडलातील स्प्रिंगच्या खाचेत अडकतो आणि टाच बाहेर वळवली की सुटतो. फ्रान्सच्या ‘लुक’ कंपनीने बर्फावरील स्कीच्या बांधणीवरून सुचलेले असे पेडल १९८४ मध्ये बाजारात आणले. १९८५ मध्ये बर्नार्ड हिनॉल्टने ते वापरून ‘टूर द फ्रान्स’ जिंकली. जुनी टो-क्लिप नाहीशी झाली म्हणून पाय अडकत असूनही त्याला ‘क्लिपलेस’ म्हटले जाते. रस्त्यावरील शर्यतींचे तीन स्क्रूंचे मोठे क्लीट घालून चालणे अवघड असते. जपानच्या ‘शिमानो’ने १९९० मध्ये आणलेल्या ‘एसपीडी’ पद्धतीत दोन स्क्रूंचा छोटा क्लीट बुटाच्या तळात खोल बसतो, त्यामुळे चालता येते. दुहेरी वापरासाठी विचार करायचाच तर तो याच प्रकाराचा.

क्लीटमुळे पाय वर ओढूनही बळ लावता येते आणि श्रम वाचतात, असा समज रूढ आहे. तथापि, संथ व स्थिर वेगात सपाट आणि क्लीटच्या पेडलांमध्ये शरीराच्या ऊर्जाखर्चात लक्षणीय फरक पडत नसल्याचे प्रयोगशाळेतील चाचण्यांत दिसून आले आहे. क्लीटचा खरा लाभ जोराच्या धावेत आणि हादऱ्यांत पाय जागेवर राहण्यात आहे. नवशिका मात्र सिग्नलला थांबताना पाय सोडवायचे विसरून हमखास आडवा होतो. क्लीट तिरका बसल्यास गुडघाही दुखू लागतो.

दुतोंडी पेडल

एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला क्लीटची खाच, अशीही पेडले मिळतात. कागदावर ती सर्वोत्तम वाटतात. पण हवी ती बाजू दर वेळी वर येईलच असे नाही. खडबडीत उतारावर वा हिरव्या सिग्नलला खाली पाहून पेडल फिरवीत बसणे धोक्याचे ठरते. लांबच्या, बऱ्यापैकी सपाट कच्च्या रस्त्यांसाठी ती योग्य.

निवड कशी करावी?

निर्णायक कसोटी एकच : पाय किती वेळा आणि किती अचानक खाली टेकावा लागतो? रोज रहदारीतून आणि साध्या पादत्राणांत जाणाऱ्यास मध्यम पिनांचे रुंद सपाट पेडल सर्वाधिक सोयीचे. रविवारी सपाट, रबरी तळाचे बूट घातले की तेच पेडल डोंगरातही पुरते. क्लीट वापरून पाहायचा असल्यास मोकळ्या मैदानात सराव करावा, स्प्रिंगचा ताण किमान ठेवावा आणि शक्यतो टाच अनेक दिशांनी वळवून सुटणारा क्लीट घ्यावा.

बसविताना

बहुतेक सायकलींच्या क्रँकला ९/१६ इंच व्यासाचे आटे असतात. एकसंध क्रँकच्या काही सायकलींना मात्र १/२ इंचाचे. खरेदीपूर्वी हे तपासावे. डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात. चुकीचे पेडल जबरदस्तीने बसविल्यास क्रँकचे आटे कायमचे खराब होतात, म्हणून सुरुवातीचे फेरे हातानेच फिरवावेत आणि मगच १५ मिलिमीटरचा पाना किंवा ॲलन की लावावी. आट्यांना ग्रीस लावल्यास गंज धरत नाही आणि पुढे पेडल सहज निघते. पावसाळ्यानंतर पेडल हाताने फिरवून पाहावे. खरखर जाणवल्यास बेअरिंग साफ करून वंगण द्यावे किंवा बदलावे.