दगडाला मेण पाजलं तेव्हा

डोंगरात घर बांधणारे लोक हमखास विचारतात, फायरप्लेससमोरच्या दगडी फरशीला सीलर लावायचा का? त्यांच्या मनात काजळी आणि तेलाचे डाग असतात. आपल्याकडे कडप्प्याच्या ओट्यावर तेलाचा हात फिरवतात, तशीच ही काळजी. पण दगड, उष्णता आणि लेप एकत्र आले की काय होतं, हे बघायला न्यूयॉर्कला जाऊ.

तिथल्या सेंट्रल पार्कमध्ये इजिप्तचा एक स्तंभ आहे. अस्वानच्या लाल ग्रॅनाइटचा, सुमारे २१ मीटर उंच. तिसऱ्या थुटमोसने तो इसवी सनापूर्वी १४५०च्या सुमारास हेलिओपोलिसला उभारला. रोमनांनी तो अलेक्झांड्रियाला नेला, आणि १८८१च्या जानेवारीत तो न्यूयॉर्कमध्ये उभा राहिला. काही हिवाळ्यांतच त्याचे पापुद्रे सुटू लागले. म्हणून १८८५मध्ये त्यावर पॅराफिन मेणाचा लेप द्यायचं ठरलं. मेण आत मुरावं म्हणून कोळशाच्या शेगड्यांनी दगड तापवला आणि वितळलेलं मेण त्याला पाजलं. त्याआधी सैल झालेले तुकडे काढून टाकले, तेच सुमारे ७८० पौंड, म्हणजे साडेतीनशे किलो भरले! मेणाने बाहेरचं पाणी अडवलं असेल, पण त्या तुकड्यांबरोबर गेलेली अक्षरं कोण परत आणणार?

ग्रॅनाइटला ताप सोसत नाही, याचं कारण त्याच्या कणांत आहे. त्यातला क्वार्ट्झ शेजारच्या फेल्डस्पारपेक्षा जास्त फुगतो, आणि ५७३ अंश सेल्सियसला तर एकदम फुगतो. मग कणांमध्ये बारीक भेगा पडतात. फरशी सहसा इतकी तापत नाही, पण ती रोज तापते आणि रोज निवते.

दुसरी वाट १८६१मध्ये सुचली होती. लंडनच्या पार्लमेंटची नवी इमारत पुरी व्हायच्या आतच तिचा चुनखडक झडू लागला होता. रसायनशास्त्रज्ञ हॉफमन यांनी सिलिकाचं एक संयुग त्यात मुरवायचं सुचवलं. दगडावर कातडं न चढवता आतल्या कणांना सांधायचं, हे मला मेणापेक्षा शहाणपणाचं वाटतं. आजचे सायलेन-सिलॉक्सेन सीलर त्याच कुळातले. ते सूक्ष्म छिद्रांच्या भिंतींना चिकटून पाणी परतवतात, पण वाफेला वाट मोकळी ठेवतात. चकचकीत ॲक्रिलिकचा थर मात्र आगीजवळ मऊ पडतो, पिवळा होतो. आणि खाली ओल राहिली असेल, तर तो तिला कोंडतो.

म्हणून आधी दगडावर पाण्याचे थेंब टाका आणि पंधरा मिनिटं थांबा. थेंब तसाच राहिला, तर सीलरची गरज फारशी नाही. दगड काळवंडला, तर तो पूर्ण सुकू द्या, मग आत मुरणारा सीलर आधी एका कोपऱ्यात लावून बघा. तो पुरता वाळेपर्यंत चूल पेटवू नका. यातले बरेच सीलर द्रावकात असतात आणि पेट घेतात.