वाळूच्या पलीकडचं चौल

अलिबागला लोक येतात ते समुद्रासाठी. सुट्टीच्या दिवशी नागावच्या किनाऱ्यावर घोडागाड्या, शहाळी आणि ओल्या कपड्यांनी धावणारी पोरं. मलाही ही गजबज आवडते. पण मुक्काम असला की मी एक सकाळ राखून ठेवतो आणि एसटीनं रेवदंड्याला जातो. अंतर जेमतेम सतरा किलोमीटर. चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्या मागे टाकत गाडी चक्क किल्ल्याच्या तटातून आत शिरते.

चौल हे जवळपास दोन हजार वर्षांचं बंदर. अरब त्याला सैमूर म्हणत. इसवी सन ९१६च्या सुमारास अरब इतिहासकार अल मसूदी इथं आला. त्यानं लिहिलं आहे, की शहरात सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. काही सिराफ, ओमान, बसरा, बगदादचे, तर काही इथंच जन्मलेले. राज्य शिलाहार राजा झंझाचं. मुसलमानांचे व्यवहार पाहायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजानं नेमलेला. ज्ञानेश्वरी सांगितली गेली १२९० साली. त्याच्याही पावणेचारशे वर्षं आधीची ही नोंद आहे.

'तुम्ही मूळचे कुठले?' असं मला कविसंमेलनांत अनेकदा विचारतात, तेही आपुलकीनं. माझे पूर्वज त्या दहा हजारांत होते असं मी म्हणणार नाही. तसा पुरावा नाही. पण इथला कोण आणि बाहेरचा कोण, ही रेघ या बंदरात अकराशे वर्षांपूर्वीच पुसट झाली होती, एवढं मसूदी मला सांगतो.

नंतर पोर्तुगीज आले. १५२१ मध्ये त्यांनी रेवदंड्याला किल्ला बांधायला घेतला, १५९४ मध्ये खाडीपलीकडचं कोर्लई जिंकलं. १७४० मध्ये हा सारा मुलूख मराठ्यांकडे आला. आज किल्ल्यातला सातखणी मनोरा नावापुरताच सातखणी आहे. वरचे मजले केव्हाच कोसळले. चर्चच्या भिंतींवर झाडं उगवली आहेत आणि तटाच्या आत सुपारी वाळत असते.

पडलं नाही ते वेगळंच. पूल ओलांडून कोर्लईला गेलात, तर तिथल्या ख्रिस्ती वस्तीत एक बोली कानावर पडेल. बोलणारे तिला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण मराठी, क्रियापद शेवटी. पोर्तुगीज सत्ता जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली, तरी ती घराघरांत टिकली. दगडी बुरुजांना जे साधलं नाही, ते आयांनी मुलांशी बोलून साधलं.

मात्र शाळा मराठी, नोकरी मुंबईत. बोलणारे थोडेच उरलेत. तेव्हा मित्रहो, पुढच्या खेपेला अलिबागला गेलात, तर एक सकाळ वाळूतून उठा. पडके तट जरूर बघा, आणि कोर्लईत कुणाशी तरी दोन शब्द बोला.