शब्दवेध : पट्टा आणि पट्टी

हुपरीत चांदीच्या कामासाठी गाळा घेताना भाडेपट्टा होतो. यातला ‘पट्टा’ संस्कृत ‘पट्ट’वरून आला. पट्ट म्हणजे फळी, पाटी, पत्रा. राजे दानाचा मजकूर ज्यावर कोरून देत, तो ताम्रपट्टही त्यातलाच. म्हणून पट्टा म्हणजे लिहून दिलेला हक्क.

त्याच घरातली ‘पट्टी’ मात्र घ्यायला येते. घरपट्टी, पाणीपट्टी, जत्रेसाठी गावाने काढलेली पट्टी. सामाईक खर्चातला ज्याचा त्याचा वाटा, हा तिचा नेमका अर्थ. आज इमारतीत ज्याला ‘मेंटेनन्स’ म्हणतात, त्याला मला हाच शब्द चपखल वाटतो.

कारण हिशेब तोच आहे. जिन्यातला दिवा, पाण्याची मोटर, झाडलोट, आणि चांदी असते तिथे रात्रीचा राखणदार. इमारत २,००० चौरस फुटांची, गाळा ४०० चा, तर पट्टी पाचवा हिस्सा; खर्च १०,००० झाला की २,००० रुपये. पण मालकाचा एक गाळा रिकामा असेल, तर त्याचा वाटा कोणी भरायचा? गळके छत दुरुस्त करणे हा देखभालीचा खर्च की मालकाचा? भांडणे इथेच होतात. पट्टा वेगळा आणि पट्टी वेगळी, हे एमआयडीसीतही दिसते: ती ९५ वर्षांच्या पट्ट्याने भूखंड देते आणि सेवाशुल्क वेगळे घेते.

तेव्हा कारागीर बंधूंनो, सही करण्यापूर्वी पट्ट्यात पट्टीची यादी लिहून घ्या, आणि वर्षाअखेरीस पावत्या मागा.